चिंचेनं घासलेला सॅक्सोफोन

मी तो फक्त पुसणार होते. ओल्या फडक्यानं, वरवर. एवढंच ठरलं होतं. (माझ्या आयुष्यात जे जे बिघडलं ते 'एवढंच' म्हणूनच बिघडलं. लग्नाला मुलगासुद्धा मी 'एवढा एकच बघू' म्हणून बघितला होता.)

तो म्हणजे सॅक्सोफोन. आमच्या निमोण्याच्या घरात त्याला वाजा म्हणतात. माझे सासरे हौसराव, म्हणजे आप्पा, तरुणपणी शेवंतीच्या पाट्या घेऊन दौंडच्या बाजाराला जायचे. तिथं रेल्वे कॉलनीत एका म्हाताऱ्या गार्डसाहेबांच्या बंगल्यावर त्यांचा फुलांचा रतीब होता. साहेब कायमचे परदेशी निघाले तेव्हा हा विलायती वाजा आप्पांच्या हातात ठेवून गेले. वाजा तेव्हाच म्हातारा होता. आप्पा त्यावर आपले आपण शिकले आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवू लागले. एकाच लग्नात हारही आमच्या मळ्यातले आणि वाजाही आमच्याच घरातला, असा थाट होता म्हणे. मी तो बघितला नाही. मी आले तेव्हा डीजे आले होते.

सासूबाई, तुळजाबाई, गेल्या पौषात गेल्या. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्या आप्पांना म्हणाल्या होत्या, "जरा वाजवा की वो. लई दिस झालं." आप्पा म्हणाले, "हितं कुठं? लोकं हायती. घरी चल, मग वाजवतो." त्या घरी आल्या, पण ऐकायला नाही.

तेव्हापासून आप्पांचं बोलणं तीन गोष्टींवर आलं. लाइट आली का, मोटर सुरू झाली का, पोरगी जेवली का. चौथी गोष्ट ते परवापरवापर्यंत बोलले नव्हते. मग एका दुपारी, वर्षश्राद्ध जवळ आलेलं असताना, त्यांनी माळ्यावरून काळी पेटी काढली, कॉटवर ठेवली, उघडली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"श्राद्धाला वाजवीन म्हणतो," ते मला म्हणाले. "तिचं तेवढं ऱ्हायलंय."

मी पदर डोळ्याला लावणार तेवढ्यात लाइट आली. आप्पा पेटी तशीच उघडी टाकून मळ्यात पाणी धरायला गेले.

आता आमच्या प्रांजलला दात येतायत. तिच्या मते जग ही चाटून बघायची वस्तू आहे. तिनं चपला चाटल्यात, चार्जर चाटलाय, तिच्या बाबांचं कंपनीचं ओळखपत्र चाटून त्यावरचा बाबा पुसट केलाय. मी चहा गाळून येईपर्यंत ती कॉटला धरून उभी राहिली होती आणि वाज्याच्या तोंडात तिनं तोंड घातलं होतं. वाज्याच्या त्या रुंद तोंडावर हिरवागार कळक चढलेला. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की चढतो तो. आणि तोच हिरवा रंग माझ्या लेकीच्या ओठावर.

मी मोबाइलवर शोधलं. (मोबाइलवर शोधलं की साध्या सर्दीचाही माणूस, पान खाली खाली सरकवत नेलं तर, मरतोच.) मग शिरूरच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला.

"डॉक्टर, बाळानं सॅक्सोफोन चाटला."

"काय चाटलं?"

"सॅक्सोफोन. वाजवायचा. पितळेचा."

"गिळला का?"

"नाही हो! केवढा मोठा असतो तो!"

"मग पाणी पाजा, तोंड पुसा. आणि अपेक्षाताई, मागं तुम्ही बाळानं भिंत चाटली म्हणून फोन केला होता ना?"

"हो."

"भिंत बरी आहे ना आता?"

डॉक्टर हसले, पण मी हसले नाही. मी ठरवलं, वाजा पुसून टाकू. एवढंच.

त्या दिवशी मोरीत चिंच भिजत घातलेली होती. वर्षश्राद्धाला पाहुणे येणार, म्हणून घरातलं पितळ काढलं होतं. हंडा, कळशी, परात, समया. माझं माहेर कासुर्डीचं. तिथं मला एक गोष्ट आईनं मार देऊन शिकवलीय, पितळ पुसायचं नसतं, चिंच-मीठ लावून घासायचं असतं. फडकं फिरवलं तर कळक जागचा हलेना. चिंचेचं एक बोट लावून बघितलं, तर आतून सोनं निघालं. मग माझ्यातली सुगरण जागी झाली. (ती स्वयंपाकाच्या वेळी कधी जागी होत नाही.)

मी परात घासली, कळशी घासली आणि त्याच हातानं सॅक्सोफोन घासला.

त्याला अंगभर झाकण्या असतात, लहान-मोठ्या, डब्यांना असतात तशा. बोटानं दांडी दाबली की झाकणी बसते आणि सूर बदलतो. प्रत्येक झाकणीच्या कडेला लालकाळं, चिकट काहीतरी भरलेलं होतं. सगळ्या संसाराची घाण, मी म्हटलं. केसातली पिन घेतली आणि एकेक कड कोरून काढली. आतून प्रांजलच्या दूधबाटलीचा ब्रश फिरवला. शेवटी जंतू मरावेत म्हणून उकळतं पाणी ओतलं. वरून ओतलं तर ते अंगातल्या सगळ्या भोकांतून कारंज्यासारखं बाहेर आलं. प्रांजलनं टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या. आप्पा पेटी उघडतील, वाजा आरशासारखा झालेला बघतील, आणि पाचवी गोष्ट बोलतील, अशी माझी अपेक्षा होती.

अंगणात गोधडीवर तो वाळत घातला तेव्हा शेजारच्या सिंधूकाकू आल्या. सासूबाईंच्या त्या जन्माच्या मैत्रीण.

"काय गं, हौसरावांचा वाजा धुतलास व्हय? बया बया! तोंड दिसतंय की ह्यात माझं."

"घासला, काकू. किती घाण होती सांगू!"

काकूंनी वाकून एकेक झाकणी बघितली. मग म्हणाल्या, "आन् मेण? मेण बी काढलंस?"

"कसलं मेण?"

"अगं, कुंकवाचं. वाजा जुना. झाकण्या धड बसत न्हाईत, वारा गळतो. लग्नाला निघायच्या आदी तुळजा उंबऱ्यात बसायची, करंड्यातलं मेण बोटावर घ्यायची, चिमणीवर ऊन करायची आन् एकेका झाकणीला लावायची. हौसराव म्हनायचे, आटप, वरात निघंल. ती म्हनायची, वारा गळला तर लोकं तुमाला न्हाई हसायची, मला हसतील. लगीन कुणाचं का असंना, आमची तुळजा उंबऱ्यात. तवा तू कुठं होतीस!"

मी मोरीकडे बघितलं. जाळीवर अजून थोडा लालसर फेस होता.

सासूबाईंच्या फोटोला मी रोज हार घालते. त्यांची पातळं घडी करून ठेवलीत, चष्मा डबीत ठेवलाय. आणि त्यांच्या बोटाचे ठसे मात्र घरात जिथं खरोखर उरले होते, तिथून मी ते पिनेनं कोरून, उकळत्या पाण्यानं, मोरीत सोडले होते.

"रडतीस कशाला?" काकू म्हणाल्या. "चकचकीत तर झालाय."

संध्याकाळी, आप्पा मळ्यातून यायच्या आत, प्रांजलचे बाबा विश्वजीत कंपनीच्या बसमधून उतरले. ते रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. घरीसुद्धा ते भाकरी उलटून बघतात.

"अहो, एवढा जरा फुंकून बघता का?"

त्यांनी फुंकलं. आधी म्हशीला उचकी लागल्यासारखा आवाज आला. मग त्यांच्या युनिफॉर्मवर चिंचेचं पाणी आलं. त्यांनी झाकण्या उघडून बघितल्या. प्रत्येक झाकणीत चामड्याची एक गोल चकती असते, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या चकत्या भिजून पुऱ्यांसारख्या टम्म फुगल्या होत्या.

"हा रिजेक्ट पीस आहे," विश्वजीत म्हणाले.

"रिवर्क होईल?"

"आधी रूट कॉज काय ते बघावं लागेल."

"रूट कॉज मी."

त्यांनी युनिफॉर्म झटकला. मग हळूच म्हणाले, "आप्पांना आत्ता सांगू नको. वर्षभरानं एक गोष्ट मागितलीय त्यांनी."

आप्पांच्याच तोंडून कधीकाळी ऐकलं होतं की दौंडला दगडोबा मास्तर बँडची वाद्यं दुरुस्त करतात. विश्वजीतना सुट्टी नव्हती. म्हणजे जाणार मी. आप्पांना सांगायचं, प्रांजलला डोस द्यायला चाललेय. पेटी मी बंद करून माळ्यावर परत ठेवली होती; ती नेली तर तिथली जागा रिकामी दिसणार, म्हणून पेटी तिथंच ठेवायची आणि वाजा शालीत गुंडाळून न्यायचा. पेटी उचलली तर हलकी लागू नये म्हणून मी तिच्यात आमचा लोखंडी खलबत्ता ठेवला. (ही कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवते.)

न्हावऱ्याहून चौफुल्याची एसटी मिळाली. एका काखेत प्रांजल, दुसऱ्या हातावर बाळाच्या हिरव्या शालीत वाजा. त्याची बाकदार मान बाहेर राहत होती, म्हणून तिच्यावर प्रांजलची कुंची घातली. थंडी होती ना. (थंडी त्याला नव्हती, मला माहीत आहे.)

खिडकीशी बसलेल्या एका आजींनी सरकून जागा दिली आणि कुठं चाललीस विचारलं. दौंडला, मी म्हणाले.

"जुळी व्हय?"

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

"ही लई किरकिरतीय. पन धाकटं गुणाचं हाय बघ. हूं न्हाई की चूं न्हाई."

"त्याचा आवाज गेलाय, आजी."

"अगं बया! जन्मापास्नं?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळं." आणि सकाळपासून धरून ठेवलेलं रडू तिथं, सगळ्या बससमोर, बाहेर पडलं.

"आईमुळं काय हुतंय, येडे! देवाची करणी ती. आण हिकडं, बघू." आजींनी शाल बाजूला केली. आत बघितलं. परत नीट झाकली, कुंची सरळ केली. मग पारगावचा पूल गेला, भीमा मागं पडली, तरी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. केडगावला उतरताना मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"दौंडला चाललीस न्हवं? दाखव चांगल्या डॉक्टरला. तुलाच दाखव, पोरी."

दगडोबा मास्तरांचं दुकान स्टेशनच्या पलीकडं, रुळांच्या आवाजात. भिंतीवर चेपलेली बिगुलं, छताला ढोल. मास्तर जन्मभर ढोलाच्या शेजारी उभे राहिलेले, त्यामुळं सगळं ओरडून बोलतात आणि निम्मं ऐकतात.

"काय झालं हेला?"

"पाणी सांडलं थोडं."

"पाणी?" त्यांनी चिमट्यानं आतून काहीतरी ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. चिंचोका. पुन्हा चिमटा घातला. बाटलीच्या ब्रशचे केस. "ताई, पाणी सांडलं का सांबार?"

"मास्तर, वाचेल ना?"

"आं?"

"वाचेल ना तो?"

"वाजंल! न वाजायला काय झालं? म्या अशी वाद्यं वाजती केल्यात की त्येंच्यावरनं ट्रॅक्टर गेलावता! एकाच्यावरनं तर नवरदेव गेलावता, घोड्यासकट!"

त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि वायरला लावलेला एक बारका बल्ब वाज्याच्या पोटात सोडला. सगळ्या झाकण्या दाबून धरल्या. अंधारात प्रत्येक झाकणीच्या कडेनं उजेडाची रेघ बाहेर पडत होती.

"हे बघा. जितनं उजेड गळतो, तितनं वारा गळतो."

मी बघत राहिले. जिथं जिथं सासूबाईंचं बोट फिरलं होतं, तिथं तिथं आता उजेड होता.

"मास्तर, तिथं आधी मेण होतं. तसंच परत मेण लावून..."

"मेण? हॅ! ती घरगुती मलमपट्टी. म्या नव्या चामड्याचे पॅड टाकतो, स्प्रिंगा बदलतो, कॉर्क बदलतो. एक थेंब वारा गळला तर मिशी काढीन!"

"थोडा गळला तरी चालेल," मी म्हणाले.

मास्तरांना हे नेमकं ऐकू आलं. त्यांनी बसमधल्या आजींसारखंच माझ्याकडे बघितलं. "ठिवून जावा. झाला की फोन करतो."

"इथं? एकटा?"

"मग काय तुमी ऱ्हाताय सोबतीला?"

मी रोज फोन करायचे. "कसा आहे?" "आज झाकण्या हालाय लागल्या." "आवाज?" "अजून न्हाई. उद्या बघू." प्रांजलच्या वेळी तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेव्हा मी नर्सला हेच विचारायचे. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचे.

इकडं घरात आप्पांचं काहीतरी बिनसलं होतं. ते पुन्हा तीन गोष्टींवर आले होते. मग दोनवर. एका सकाळी मला म्हणाले, "अपेक्षा, आज वार कोणता?"

"गुरुवार, आप्पा."

"आन् खलबत्ता कुठाय आपला?"

माझ्या हातातलं पीठ खाली पडलं. "काकूंकडं दिलाय. मसाला कुटायला."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग माळ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले आणि मळ्यात गेले. दुपारी भाकरी तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वार विचारला. मी विश्वजीतना सांगितलं, आप्पांना विसरायला होतंय. दोघांनी मिळून मोबाइलवर शोधलं आणि मोबाइल उपडा ठेवला. सासूबाईंमागं वर्ष व्हायच्या आत हेही सुरू झालं, असं वाटून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. मी जाऊन वाजा घेऊन आले, तशीच शालीतून, तशीच कुंची घालून. (ह्या वेळी सगळी बस मला जागा द्यायला तयार होती.) घरात शिरले तर आप्पा ओट्यावरच बसलेले. लपवायला जागाच नव्हती. मी प्रांजलला खाली ठेवलं आणि शाल त्यांच्या मांडीवर ठेवून दिली.

"आप्पा, मी हा चिंचेनं घासला. तो बिघडला. दौंडहून नीट करून आणलाय. आईंचं मेण होतं झाकण्यांना. ते माझ्या हातून गेलं."

आप्पांनी कुंची काढली. शाल काढली. वाज्याच्या अंगावरून हात फिरवला.

"मंग पेटीत खलबत्ता तू ठिवलास?"

"तुम्ही पेटी उघडली होती?"

"दोनदा," आप्पा म्हणाले. "पैल्यांदा उघडली, तर आत खलबत्ता. म्हटलं, संपलं. माझं डोकं गेलं. तुळजा गेली, आता डोकं बी गेलं. म्या आपलं वार मोजत बसलो, येत्यात का बघाय. दुसऱ्यांदा उघडली तरी खलबत्ताच. कुणाला सांगणार? पोराला म्हनू, का आरं, तुझ्या बापाला वाज्याचा खलबत्ता दिसाय लागलाय?"

मी म्हाताऱ्या माणसाला आठवडाभर वेडं करून ठेवलं होतं, तेही त्यांना दुःख होऊ नये म्हणून.

"आईंचं मेण..." मी पुन्हा म्हणाले.

"मेणाचं काय घिऊन बसलीस." आप्पांनी नाक पुसलं. "खरं सांगू? तिचं मेण लई चिकाट. निम्म्या झाकण्या चिकटून बसायच्या. भर वरातीत एक सूर अडकला तर सुटंना, नवरदेवाचं घोडं बिथरलं. तरी तिला कवा बोललो न्हाई. इतकं मन लावून बसायची."

मग त्यांनी तोंडात धरून फुंकलं.

सूर आला. स्वच्छ, भरदार, मास्तरांची मिशी राखणारा. पण दुसरा सूर लावला तर तो भलताच. आप्पांनी बोटं बघितली, पुन्हा दाबली. पुन्हा भलताच. त्यांची बोटं गळक्या वाज्याला शिकली होती. कुठली झाकणी जास्त दाबायची, कुठली निम्मी सोडायची, कुठं जादा फुंकायचं, हे सगळं त्या चिकटण्या-गळण्याच्या हिशोबानं. आता वाजा नीट झाला होता आणि आप्पा चुकत होते.

"लई चांगला झालाय," ते म्हणाले. "मलाच यायचा न्हाई."

मी धावत जाऊन सिंधूकाकूंकडून मेणाची डबी आणली. आप्पांनी ती हातात घेतली, उघडून वास घेतला, आणि परत दिली.

"ऱ्हाऊ दे. आता गळतच न्हाई, तर लावायचं कुठं?"

त्यानंतर श्राद्धापर्यंत ते रोज कांद्याच्या चाळीत जाऊन बसायचे. आम्हाला इकडं एकच तुकडा ऐकू यायचा, नवरी मांडवात येताना वाजवायचा. निम्म्यापर्यंत यायचा, तिथं पाय घसरल्यासारखा थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सिंधूकाकू म्हणायच्या, "नवरी निघतीय खरी, पन मांडवात काय पोचंना." आणि मग पदर तोंडाला लावून आत जायच्या.

श्राद्धाच्या दिवशी पाहुणे आले, भटजी विधी उरकून गेले, आणि घराच्या कठड्यावर पान वाढून ठेवलं. आमच्याकडं कावळा पानाला शिवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. बाभळीवर दोन कावळे बसले होते. पानाकडं बघत होते, पण येत नव्हते. गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलं की असं होतं म्हणतात. मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा.

विश्वजीत म्हणाले, "आई, आप्पांना काही कमी पडू देणार नाही." कावळा मान खाजवत बसला.

सिंधूकाकू म्हणाल्या, "तुळजे, तुझी तांब्याची घागर माझ्याकडं हाय. दीन उद्या परत." कावळे ढिम्म. (घागर आम्ही वर्षभर शोधत होतो.)

मग सगळे आप्पांकडं वळले. आप्पा आतून वाजा घेऊन आले. टोपी सारखी केली, पायातल्या चपला काढल्या, आणि कठड्यासमोर उभं राहून वाजवायला लागले.

सुरुवात इतकी सुंदर झाली की माझ्या अंगावर काटा आला. एक म्हातारे पाहुणे नकळत उठून उभे राहिले, खरंच नवरी येत असल्यासारखे. मग तो निम्म्यावरचा घाट आला. आप्पांचं बोट जुन्या सवयीनं घसरलं, वाज्यातून कुणाचा तरी पाय पडल्यासारखी किंकाळी निघाली, आणि बाभळीवरचे दोन्ही कावळे उडाले ते थेट शिरूरच्या दिशेनं.

आप्पांनी वाजा खाली घेतला. पानाकडं बघून म्हणाले, "एवढंच येतंय गं आता. दवाखान्यात म्हनली व्हतीस, तवा समदं येत व्हतं."

सिंधूकाकूंनी पानावरची माशी हाकलली.

उन्हं कलली. भात वाळायला लागला. पाहुण्यांच्या पोटातले आवाज ऐकू येऊ लागले. बऱ्याच वेळानं एक कावळा परत आला आणि बाभळीच्या टोकावर, शक्य तितक्या लांब बसला.

"समद्यांचं झालं," सिंधूकाकू म्हणाल्या. "सूनबाई, तूच ऱ्हायलीस. बोल काय ती."

मी पुढं झाले. मला खूप बोलायचं होतं. आई, तुमच्या बोटांचं मी मोरीत सोडलं, आई, मी आप्पांना वेड लावलं, आई, मला काहीच नीट येत नाही आणि विचारायला आता तुम्ही नाही. पण तोंडातून एकच वाक्य निघालं.

"आई, मी पुन्हा ह्या वाज्याला हात लावणार नाही."

कावळा बाभळीवरून सुटला तो दगड पडावा तसा पानावर येऊन बसला.

मग पहिल्यांदा आप्पा हसले. वर्षभरानंतर, मोठ्यानं, पोट धरून, वाजा छातीशी कवटाळून. हसता हसता ते खाली बसले, आणि कधी रडायला लागले ते आम्हाला कळलंच नाही. विश्वजीत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सिंधूकाकू डोळे पुसत मला म्हणाल्या, "बघ, तुळजाचा जीव ह्येच्यातच अडाकला व्हता."

कावळ्यानं भात खाल्ला. वडा खाल्ला. भाजी खाल्ली, भजं तर तोंडात धरून बाभळीवर नेऊन ठेवलं आणि परत आला. पानावर शेवटी फक्त खीर राहिली होती. ती मी केली होती. त्यानं वाकून तिच्याकडं एकदा नीट बघितलं, आणि उडून गेला.